दारापासून दारापर्यंत

२ फेब्रुवारी, रविवार

आज आम्ही तिघा भावंडांनी फोनवर कौटुंबिक सभा भरवली आणि प्रत्येकाने एकच गोष्ट सिद्ध करायचा प्रयत्न केला: आईपासून सगळ्यांत लांब आपणच राहतो. मी जिंकता जिंकता राहिलो.

विषय आईच्या उजव्या गुडघ्याचा होता. तो बदलायचा हे डॉक्टरांनी पक्कं केलं आहे, मार्चच्या पहिल्या आठवड्यात. नंतर महिनाभर तिच्याजवळ कुणीतरी हवं. 'कुणीतरी' हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात आम्ही तिघंही मावतो आणि हाती एकही लागत नाही.

अशा प्रसंगांसाठी घरात बाबांनी घातलेला एक नियम आहे. ज्याला पोहोचायला सगळ्यांत कमी वेळ लागेल त्याने आधी निघायचं, बाकीच्यांनी मागाहून. नियम घातला तेव्हा आम्ही तिघं एकाच शहराच्या तीन टोकांना राहत होतो आणि वादाचा विषय फार तर चुकलेली बस असे. बाबांच्या शेवटच्या आजारपणात ताई अडीच तासांवर होती, त्यामुळे सगळं तिनेच केलं. त्यानंतर वर्षाच्या आत ती महासागराच्या पलीकडे राहायला गेली. तिला दोष देत नाही. धाकटा आधीच गेलेला होता. मी तर बातमीदार. लांब असणं हीच माझी नोकरी. गावचं वर्तमानपत्र मला पगार देतं तो मी गावात नाही म्हणून.

ताई म्हणाली, "माझ्याकडून निघालं की तारीखच बदलते."

"आणि परत जाताना तो दिवस परत मिळतो," धाकटा म्हणाला. "माझं बघा. थेट विमानच नाही. दोन ठिकाणी उतरावं लागतं."

"एका ठिकाणी उतरून होतं. मी बघितलंय."

"ताई, तू माझी विमानं बघत बसतेस?"

"हिशेब तपासणं हा माझा धंदा आहे."

खरोखरच आहे, ती कंपन्यांचे हिशेब तपासते. धाकटा लिफ्टा बसवतो, म्हणजे बसवणाऱ्यांच्या मागे उभा राहतो. उभ्या अंतरात आयुष्य गेलेल्या माणसाने आडव्या अंतरावर मत देऊ नये, असं मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

बाबांचं चुकलं ते एकाच जागी. 'वेळ' म्हणजे काय, याची व्याख्या त्यांनी केली नाही. आम्हाला संस्कृत शिकवणारे शास्त्रीबुवा म्हणायचे की व्याख्येला तीन दोष लागतात: थोडं सुटतं, जास्तीचं शिरतं, नाहीतर मुळात काही सापडतच नाही. इथं तिन्ही दोष सुखाने एकत्र नांदताहेत.

५ फेब्रुवारी

धाकट्याने फोनवरच्या आमच्या गटावर एक पान पाठवलं. कुठलंसं संकेतस्थळ आहे. दोन शहरांची नावं टाकली की मधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ सांगतं. माझं शहर, आईचं शहर: सात हजार नऊशे बारा किलोमीटर, दहा तास पाच मिनिटं. शेजारी नकाशा, त्यावर धनुष्यासारखी वाकलेली रेघ, आणि रेघेवर एक इवलंसं विमान, माझी वाट बघत असल्यासारखं.

खाली धाकट्याने लिहिलं होतं, "दादा, तू फक्त दहा तासांवर आहेस." ताईने त्याला होकाराचा अंगठा लावला. एरवी या दोघांचं कशावरही एकमत होत नाही.

मी सविस्तर खंडन लिहिलं. हा वेळ धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतचा. मी धावपट्टीवर राहत नाही आणि आईही नाही. प्रवास दारापासून दारापर्यंत मोजायला हवा. घरापासून विमानतळ दोन तास. गाडी लावायला जागा शोधणं. उड्डाणाच्या तीन तास आधी पोहोचणं. मग ते दहा तास. मग रांग, सामान, आणि तिकडचा रस्ता. शिवाय थेट विमान रोज नसतं, तेव्हा त्याची वाट पाहणं धरा. पोहोचल्यावर अर्धा दिवस माणूस कुणाच्या कामाचा नसतो, तोही धरा. बेरीज सव्वीस तासांवर गेली. एवढा तर्कशुद्ध मजकूर मी वर्तमानपत्रासाठीही लिहीत नाही.

बायकोने मागे उभं राहून वाचलं. ती कान तपासते. दिवसभर लोकांना काचेच्या खोलीत बसवून "ऐकू आलं की बटण दाबा" म्हणते, आणि घरी आल्यावर माझ्याकडे त्याच अपेक्षेने बघते.

"विमानतळ दोन तास?"

"रहदारी धरून."

"मागच्या वर्षी माझ्या भावाला सोडायला गेलो होतो."

"तेव्हा मी मागे झोपलो होतो. मला कसं माहीत असणार?"

"गाडी मी चालवत होते," ती म्हणाली, आणि आत गेली. वाद अर्धवट सोडायची तिला वाईट खोड आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

आईशी बोललो. आई तीस वर्षं टेलिफोन खात्यात होती, लांब पल्ल्याचे फोन जोडून द्यायची. मधेच लोकांना सांगायची, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" नोकरी सुटली, सवय सुटली नाही. आम्हालाही ती तीन मिनिटांनी तेच विचारते. मी सहसा "नको, तुला त्रास" म्हणतो. तिच्या वेळेचा विचार करणारा मुलगा म्हणून माझी तिच्याकडे काहीतरी किंमत असावी.

गुडघ्याची चौकशी केली. म्हणाली, "दुखतो. पण पोहायला लागल्यापासून बरा आहे. सकाळी जातो आम्ही तलावावर."

"तू पोहतेस?"

"पंच म्हणाले, ऑपरेशनच्या आधी स्नायू घट्ट हवेत. शिकवलं त्यांनी."

पंच म्हणजे तिच्या खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ. फुटबॉलच्या सामन्यांत पंच होते, म्हणून सगळी इमारत त्यांना त्याच नावाने हाक मारते. मागच्या महिन्यात त्यांनी आईचा गळका नळ बसवून दिला, त्याआधी दाराचा कडी-कोयंडा. रिकामटेकडा माणूस दिसतो. 'आम्ही जातो' हे मात्र कानाला खटकलं. आईच्या बोलण्यात हल्ली अनेकवचन वाढलं आहे. वयोमानाने होत असेल.

मग तिने विचारलं, "तुला यायला नेमका किती वेळ लागतो रे?"

मी पुन्हा सगळी बेरीज सांगितली. तिने मधे तोडलं नाही. फक्त एकदा विचारलं, "विमानतळ तुझ्यापासून दोन तास?"

"कमीत कमी."

"आणि परत जायला दोन."

"साहजिकच."

"बरं," ती म्हणाली. "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

१३ फेब्रुवारी

संपादकांना रविवारसाठी हलकंफुलकं काहीतरी हवं होतं. 'आकसलेलं जग' असा लेख एका बैठकीत लिहिला. काही वाक्यं चांगली उतरली. "आपल्या आजोबांना शेजारच्या तालुक्याला जायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात आज आपण खंड ओलांडतो. मी सकाळी इथं दार ओढून घेतो आणि संध्याकाळी आईच्या दारावर टकटक करतो. अंतर उरलं आहे ते फक्त मनातलं." शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसलो. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे तू आईंना पाठवणार आहेस का?"

"पाठवायला कशाला हवं? ती आपलाच पेपर घेते."

"हो ना," ती म्हणाली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

घात झाला. धाकटा आयुष्यात कधी पेपर वाचत नाही, पण कालचा लेख त्याच्या हाती लागला, आणि त्याने तो गटावर लावला. तिसऱ्या परिच्छेदाखाली लाल रेघ. "सकाळी इथं दार ओढून घेतो आणि संध्याकाळी आईच्या दारावर. दादाचे स्वतःचे शब्द. दारापासून दारापर्यंत. एक दिवससुद्धा नाही."

ताईने लिहिलं, "छापील पुरावा म्हणजे पुरावा."

मी खुलासा केला की ते साहित्य आहे. साहित्यात शब्दाचा वाच्यार्थ घेत नाहीत. चेहऱ्याला चंद्र म्हटलं तर त्यावरचे खड्डे मोजत नाहीत. धाकट्याने उत्तर दिलं, "मग आईला साहित्यातच भेटायला ये."

हा मुलगा लहानपणी माझ्या मांडीवर झोपायचा.

ताईने संधी साधून स्वतःचा मुद्दा पुढे रेटला: तिच्या बाजूने येताना वारा समोरून असतो, त्यामुळे वेळ वाढतो. मी विचारलं, वारा बारा महिने तिच्याच विरुद्ध असतो का. धाकट्याच्या दोन थांब्यांतला एक तर नऊ तासांचा निघाला, आणि तो त्याने स्वतः निवडलेला. तिथं दुकानं चांगली आहेत म्हणे. ताईने हे उघडकीला आणलं. या कामात तिला तोड नाही, आणि आज पहिल्यांदाच तिचा अभिमान वाटला.

मार्च पंधरा दिवसांवर आला आहे. आईकडे कोण जाणार, हे अजून ठरलेलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

निकाल लागला. कसा लागला ते नीट लिहून ठेवतो, कारण पुढे कुणीतरी विपर्यास करील.

ताई म्हणाली, आपण तिघंही पक्षकार आहोत, तेव्हा निवाडा तिऱ्हाइताने द्यावा. धाकटा म्हणाला, आईच देऊ दे. मला ते जरा विचित्र वाटलं, पण आई तशी निःपक्षपाती आहे. आईला फोनवर घेतलं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मला यातलं काय कळतंय? इथं पंच बसलेत, त्यांनाच विचारते."

इतक्या सकाळी ते तिथं काय करत होते कोण जाणे. तलावावर जायच्या गडबडीत असतील.

पंचांचा आवाज जाड आहे, आणि वाक्य संपवून ते जरा थांबतात, जणू आरडाओरडा ओसरायची वाट बघतात. त्यांनी एकेकाला त्याचा वेळ विचारला. मी सव्वीस सांगितले, ताईने सत्तावीस, धाकट्याने एकतीस. पुन्हा एकदा विचारलं, "यात कुणाला काही बदलायचंय?" कुणी काही कमी केलं नाही. ताईने मात्र समोरचा वारा धरून आणखी अर्धा तास वाढवला.

मग ते म्हणाले, "सामन्याची वेळ झाली आणि खेळाडू मैदानात उतरलेच नाहीत, तर पंच थोडी वाट बघतो. मग सामना सोडून देतो. त्यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. मी हा सामना सोडून देतो."

मग धाकट्याने विचारलं, "म्हणजे कुणालाच यायला नको?"

"सामना नाही, तर खेळाडू कशाला?" पंच म्हणाले.

मागे आई हसल्यासारखी वाटली. लाइनवर खरखर होती, त्यामुळे नक्की सांगता येणार नाही.

एकूण माणूस समंजस आहे. कुणालाही न दुखावता प्रश्न सोडवला. फोन ठेवल्यावर तिघांनाही मोकळं वाटलं, आणि कित्येक महिन्यांनी आम्ही एकमेकांच्या मुलांची चौकशी केली. बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. "सोडून दिला म्हणाले?" तिने विचारलं.

"हो."

"आणि तुम्हा तिघांना तो निकाल वाटला."

"मग काय वाटायला हवं होतं?"

तिने भाजी जरा जास्तच बारीक चिरली.

६ मार्च

ऑपरेशन व्यवस्थित झालं. पंच दिवसभर दवाखान्यात बसून होते. मी कामात होतो. इथं एका मंत्र्याने राजीनामा दिला, मग मागे घेतला. मधून मधून गटावर विचारत होतो. ताई विचारत होती, धाकटा विचारत होता, आणि तिघांनाही उत्तर माझ्या बायकोकडून मिळत होतं. तिला सगळं आधी कसं कळत होतं, हे विचारायचं राहून गेलं.

संध्याकाळी आईने दोन मिनिटं फोन केला. आवाज पेंगलेला होता. म्हणाली, "नर्सने विचारलं, हे तुमचे कोण? मी म्हटलं, पंच. ती म्हणाली, बाई, इथं भांडण कुठंय?"

मी तिघांच्या वतीने पंचांना एक चांगला थर्मास पाठवायचं सुचवलं. धाकट्याने तो मागवलासुद्धा. तिसऱ्या दिवशी घरपोच होईल असा संदेश आला. वस्तूंची सोय माणसांपेक्षा चांगली आहे, यावर एक लेख होऊ शकेल.

३० मार्च, रविवार

आई आता काठीशिवाय चालते. फोनवर मात्र सापडत नाही. करावा तर बाहेर असते. बायकोला बरोबर सापडते. दोघींचं बोलणं चाललेलं असतं आणि मी खोलीत गेलो की गुडघ्याच्या व्यायामावर येतं. सासू-सुनेचं एवढं जमलेलं पाहून बरं वाटतं. अशी घरं आजकाल विरळा.

आज आई सापडली, आणि तिने मला धडकी भरवली. विचारलं, "विमानात खिडकीजवळ बसावं, की वाटेच्या बाजूला? गुडघा लांब करायचा असेल तर?"

"तुला कशाला हवंय?"

"सहज. पारपत्र नवं करून घेतलं."

म्हणजे इकडे यायचं चाललं आहे. मला आनंद झाला नाही असं नाही. पण आमची जागा लहान, पाहुण्यांची खोली माझ्या कागदांनी भरलेली, आणि एप्रिलमध्ये माझ्या तीन मुलाखती ठरल्या आहेत. शिवाय नवीन गुडघा. मी तिला शांतपणे समजावलं की एवढा प्रवास या वयात झेपत नाही. दहा तास बसून पाय सुजतात. पुढच्या वर्षी मीच येईन, सगळे मिळून येऊ.

"बरं," आई म्हणाली.

तिने इतकं चटकन ऐकलं की मलाच चुटपुट लागली. "रागावलीस का?" विचारलं.

"नाही रे. तुला दगदग होईल असं नाही करणार. तीन मिनिटं झाली."

वाढवायची का, हे विचारायचं ती विसरली. भूल दिल्यानंतर स्मरणशक्तीवर थोडा परिणाम होतो म्हणतात.

१९ एप्रिल, शनिवार

घरात दुर्मीळ शांतता. बायको मुलीचे बूट घ्यायला म्हणून तिला घेऊन जेवणानंतर बाहेर पडली. जाताना तिने नवी साडी नेसली होती. बूट घ्यायला नवी साडी कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "दुकान मोठं आहे."

मी त्या वेळात लेख संपवला. विषय: मुलं परदेशी, घरं रिकामी. अनेक वृद्धांची मानसिक अवस्था आतून उभी करता आली. एका परिच्छेदाला माझेच डोळे पाणावले. "ती खिडकीशी बसून असते. विमानाचा आवाज आला की वर बघते." बैठकीत एकदाही उठलो नाही.

दोघी संध्याकाळी परतल्या. बूट मिळाले नाहीत. मुलीच्या गळ्यात मात्र काळ्या दोरीची एक पितळी शिट्टी होती, चांगली जुनी, कडा झिजलेल्या. आल्यापासून घरभर वाजवते आहे. मी माझा लेख वाचत असताना मधे वाजवली आणि ठणकावून म्हणाली, "बाबा, बाहेर!"

"कुठून आणली ही?" मी विचारलं.

मुलीने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "भेट मिळाली."

आजकाल दुकानदार कशावरही काहीही फुकट देतात.

२१ एप्रिल, सोमवार

आईचा फोन. मागे मोठ्ठा आवाज होता, कुणी सारखं काहीतरी ओतत असल्यासारखा.

"नळ पुन्हा गळतोय का?" मी विचारलं.

"समुद्र आहे तो."

आईच्या शहरात समुद्र नाही.

तिने एका शहराचं नाव घेतलं. माझ्या शहराच्याही पुढे, पार दुसऱ्या टोकाला, मीही कधी न पाहिलेलं. "पाणी गार आहे, पण उतरतो आम्ही. गुडघा मस्त चालतोय. विमानतळावर तपासणीच्या कमानीत वाजला, तर पंचांनी सवयीने हात वर केला. सगळी रांग थांबली."

"तू विमानाने गेलीस? कशी?"

"दोन विमानं. तुझ्या शहरात बदललं. मधे पाच तास होते."

मी कॅलेंडर पुढे ओढलं. "कधी?"

"शनिवारी."

"मला का नाही कळवलंस?"

"अरे, तुला यायला दोन तास, जायला दोन. गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणाला होतास. मग उरतं काय? तेवढ्यासाठी तुला कशाला उठवायचं? तुझा लेख होता ना."

"तरीसुद्धा, आई."

"तुझी बायको आणि छोटी आल्या होत्या की. मीच तिला म्हटलं, त्याला काम करू दे. तिला बराच कमी वेळ लागला पण. वेगळ्या रस्त्याने येत असेल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुझं शहर काचेतून दिसत होतं," आई म्हणाली. "केवढं मोठं आहे रे. तुझं घर कुठल्या बाजूला असेल, ते मी ह्यांना विचारत होते. आता ह्यांना तरी काय माहीत?"

आई बाबांना 'हे' म्हणायची. तिच्या तोंडून हा शब्द सात वर्षांनी ऐकला. तेव्हा वाटलं, जीभ वळली असेल. मग वाटलं, नसेल.

"तीन मिनिटं झाली," आई म्हणाली.

"वाढव," मी म्हणालो.

पण तिने विचारलंच नव्हतं, आणि कुणीतरी तिला हाक मारत होतं. समुद्राचा आवाज तुटला.

नंतर ते संकेतस्थळ उघडलं. दोन्ही चौकटींत माझ्याच शहराचं नाव घातलं. अंतर शून्य किलोमीटर, प्रवासाचा वेळ शून्य. नकाशावर रेघ नव्हती. विमान मात्र होतं, एकाच ठिपक्यावर बसलेलं.

२२ एप्रिल

गटावर आग लागली आहे. ताईचा पहिला प्रश्न: "खोली एक घेतलीय की दोन?" दुसरा: "तुला हे आधी माहीत होतं का?" मी म्हणालो, नव्हतं. ती म्हणाली, शनिवारी आई तुझ्या शहरात होती आणि तुला माहीत नव्हतं? मी म्हणालो, नव्हतं. यापुढे तिने काही लिहिलं नाही. गप्प बसणं हा ताईचा सगळ्यांत कडक शेरा असतो.

धाकट्याने नवं पान पाठवलं. माझं शहर ते समुद्राचं शहर: चार तास दहा मिनिटं. "आता तर दादाच जवळ. नियमाप्रमाणे त्याने जाऊन आईची समजूत काढावी."

कसली समजूत काढायची, हे त्यालाही सांगता येईना. मी सवयीने दारापासून दारापर्यंतचा हिशेब मांडायला घेतला, आणि पहिल्याच ओळीशी, विमानतळाशी, अडकलो.

बायकोला विचारलं, "शनिवारी तुम्हाला किती वेळ लागला?"

"कशाला?"

"विमानतळावर पोहोचायला."

"दोन तास," ती म्हणाली. "तूच तर सांगतोस." आणि मुलीची वेणी घालू लागली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईंनी तुझ्यासाठी पण एक खुर्ची धरून ठेवली होती. काम करू दे म्हणाल्या, तरी त्यांना वाटलं, मी तुला सांगितलंच असेल. मला वाटलं, तुझे ते दोन तास खरे करून टाकावेत एकदा."

मी विचारलं, "पंच कसे आहेत?"

"पहिल्यांदाच विचारलंस," ती म्हणाली. "हसतात चांगलं. आईंचा चहा थर्मासमधून ओतून देत होते. तुमचाच थर्मास."

२७ एप्रिल, रविवार

सकाळी कुणाला न सांगता गाडी काढली. वाटेत दुसरा रस्ता फुटतो का, हे बघत गेलो. फुटत नाही. घरापासून विमानतळापर्यंत एकच रस्ता आहे, सरळ, आणि दर दोन चौकांवर विमानाचं चित्र असलेली पाटी आहे. गाडी लावायला पहिल्याच रांगेत जागा मिळाली. पुढेही होत्या.

आत गेलो. तपासणीच्या अलीकडे, ज्या बाजूला विमान बदलणारे थांबतात तिथं काच आहे आणि काचेतून शहर दिसतं. मोठं आहे. आमचं घर कुठल्या बाजूला ते मला चटकन सांगता आलं नाही. शेजारच्या बाकावर एक म्हातारी पाय लांब करून बसली होती. तिच्या मुलाने येऊन तिला पाणी दिलं. मी उगाचच बाजूच्या खुर्चीवर हात ठेवून बसलो, जणू कुणासाठी धरून ठेवली होती. एका माणसाने विचारलं, "रिकामी आहे का?"

मी "हो" म्हणालो.

परत येऊन घड्याळ पाहिलं. जायला पस्तीस मिनिटं, यायला पस्तीस. रविवार होता, रहदारी नव्हती, हे इथं नोंदवून ठेवतो.